शाळेसाठी मूल तयार, की मुलासाठी शाळा? : संक्रमणाच्या एका प्रतिमानाचे समीक्षण

अंगणवाडीतून पहिलीत जाणे याला शिक्षणशास्त्रात 'संक्रमण' म्हणतात. अशा वेळी आपण सहज विचारतो, 'मूल तयार आहे का?' २००० साली रिम-कॉफमन आणि पियान्टा या अमेरिकी अभ्यासकांनी हा प्रश्नच बदलला. ब्रॉनफेनब्रेनर यांच्या परिसंस्थात्मक विचाराचा आधार घेऊन त्यांनी मांडले की, कुटुंब, शिक्षक, सवंगडी आणि परिसर यांच्यातील नाती काळानुसार कशी घडतात, यावर संक्रमणाचे यश अवलंबून असते.

बलस्थान : दिव्यांग मुलांच्या सामाजिक वर्तनाचा विचार करताना ही दृष्टी विशेष उपयोगी पडते. समजा, कमी ऐकू येणारी एक मुलगी खेळात शिरण्यासाठी इतरांना ढकलते. शिक्षकाने भरलेल्या वर्तन-मापनश्रेणीत ती 'आक्रमक' ठरेल. पण खांद्यावर हलकेच थाप मारून बोलवायचे, ही खूण सगळ्या वर्गाला शिकवली तर? ढकलण्याचे कारणच उरणार नाही. म्हणजे मापनश्रेणीने ज्याला मुलीचा दोष मानले, ती खरे तर वर्गातील संवादाची उणीव होती.

मर्यादा : पहिली मर्यादा व्यवस्थेची. दिव्यांग मुलाच्या बाबतीत घर आणि शाळा यांच्यामध्ये उपचारतज्ज्ञ आणि शासकीय खातीही येतात. अमेरिकेत तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी संक्रमणाची योजना करणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, तर शाळा शिक्षण खात्याकडे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयासाठी आहे आणि तो ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्यांना लागू होतो. सवंगड्यांशी जुळवून घेण्याची सुरुवात मात्र त्याआधीच झालेली असते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. 'नाती' म्हटले की सगळे समान वाटतात. पण 'तुम्हीच वर्गाबाहेर बसून राहा' असे जिला सांगितले जाते, ती आई शाळेची समान भागीदार कशी? सर्वांची जबाबदारी म्हणता म्हणता ती कोणाचीच उरत नाही आणि शेवटी भार आईवर पडतो.

म्हणून हे प्रतिमान स्वीकारा, पण प्रत्येक नात्यापुढे एक प्रश्न लिहा : येथे निर्णय कोण घेतो?

विचार करा : तुमच्या गावातील अंगणवाडी सेविका आणि पहिलीचे शिक्षक एखाद्या दिव्यांग मुलाविषयी एकमेकांशी कधी बोलतात का? नसतील, तर त्यांना एकत्र आणण्याचे काम कोणाचे?