हंगेरीच्या सरदारांचे अलंकार

अलंकार म्हटला कीं आमच्या वाचकांच्या मनांत प्रथम स्त्रीचेंच चित्र उभें राहतें. सोळाव्या-सतराव्या शतकांतील हंगेरीकडे पाहतांना तें बाजूस सारावें लागतें. तेथें पुरुषहि रत्नांनीं लखलखत असे. ‘मेन्ते’ नामक झग्याचीं बटणें, तो गळ्याशीं बांधणारी सांखळी, तलवारीचें म्यान, आणि टोपीवर बगळ्याच्या पिसांचा रत्नजडित तुरा! या तुऱ्यास ‘फोर्गो’ म्हणत. आम्ही त्यास कलगी म्हटल्यास प्रमाद होणार नाहीं. तुर्की दरबारी वेषाशीं त्याचें नातें उघड आहे.

येथेंच खरा वाद उत्पन्न होतो. १५२६ सालीं मोहाचच्या पराभवांत राजा लायोश प्राणास मुकला, १५४१ त बुडा गेलें. आणि त्याच शत्रूचा तुरा सरदारांनीं मस्तकीं धरावा, यास कोणी जितांचें अनुकरण म्हणेल. आम्हांस हें मत उथळ वाटतें. १६०५ सालीं सुलतान पहिला अहमद याच्याकडून इश्तवान बोचकाई यास रत्नखचित मुकुट आला. बोचकाईनें तो भेट म्हणून घेतला, राजमुकुट म्हणून नव्हे. परक्याची वस्तु घ्यावी, पण तिचा अर्थ त्यास ठरवूं देऊं नये, हें ज्यास साधलें त्यास अनुकरणी कसें म्हणावें? (तो मुकुट आज व्हिएन्नाच्या राजकोशांत आहे, हा दैवाचा खेळ.)

कलादृष्ट्या मात्र आम्ही भेद करूं. निव्वळ माणकांची दाटी ही संपत्तीची जाहिरात होय. ट्रान्सिल्व्हानियाच्या सोनारांनीं मिन्यांत फुलविलेल्या रंगीत फुलांत हात आणि नजर दिसते. तीं आम्हांस अधिक प्रिय आहेत.

धर्माधिकाऱ्यांचा प्रकार निराळा. बिशपची आंगठी व छातीवरील क्रूस हीं पदाचीं चिन्हें. त्यांत हौसेस वाव थोडा. १५४३ सालीं एस्तेरगोम तुर्कांनीं घेतल्यावर आर्चबिशपांचें पीठ नाज्सोम्बात येथें गेलें. १६२९ सालीं कार्डिनल झालेला पेतेर पाझमान तेथलाच. उमराव स्त्रिया आपलीं उंची वस्त्रें चर्चला देत, त्यांचीं पूजावस्त्रें होत. म्हणजे घराण्याचें वैभवच वेदीपुढें उभें राही.

या सर्वांचा मोठा साठा एस्तेरहाझी घराण्यानें फ्राक्नो किल्ल्यावर केला. पाल एस्तेरहाझी (१६३५–१७१३) यानें तो फार वाढविला. दुसऱ्या महायुद्धांत त्यांतील बहुमोल भाग बुडा येथील त्यांच्या वाड्यांत ठेवला असतां वाड्यावर बॉम्ब पडला. ढिगाऱ्याखालून निघालेले तुकडे जुळविण्याचें काम बुडापेस्टच्या उपयोजित कला संग्रहालयांत पुढें कित्येक वर्षें चाललें.