तीन खाटांची खोली

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ उभा राहणारा. वैद्यांवर आणि रोग्यांवर पुष्कळ लिहिले गेले. या तिसऱ्या पादाकडे मात्र साहित्याने क्वचितच निरखून पाहिले. एमा डॉनह्यू या आयरिश-कॅनेडियन लेखिकेची ‘द पुल ऑफ द स्टार्स’ (२०२०) ही कादंबरी मला मोलाची वाटते ती याच कारणाने.

काळ १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा, स्थळ डब्लिनमधील एक रुग्णालय. बरेच कर्मचारी स्वतःच आजारी पडलेले. साठवणीच्या खोलीत तीन खाटा मांडून ताप आलेल्या गर्भवतींसाठी वॉर्ड केलेला आणि तो जूलिया पॉवर या परिचारिकेवर सोपवलेला. हाताखाली ब्रायडी ही अनाथाश्रमात वाढलेली, प्रशिक्षण नसलेली मुलगी. तीन दिवसांत सारे घडते.

मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला १९३३ मध्ये. जूलियाच्या हाती त्या रोगावरचे औषध नव्हतेच. नाडी मोजणे, उशा रचून श्वास मोकळा करणे, घामाने भिजलेली चादर बदलणे, घोट घोट पाणी पाजणे, एवढेच उपाय. म्हणजे येथे परिचर्या हीच चिकित्सा. कादंबरीच्या चार भागांना लाल, तपकिरी, निळा आणि काळा अशी नावे आहेत. प्राणवायू कमी पडत गेला की रुग्णाच्या चेहऱ्यावर येणारे हे रंग. ते वाचायला डोळा तयार असावा लागतो, आणि तो डोळा कसा तयार होतो हे ब्रायडीच्या निमित्ताने लेखिका फार सुरेख दाखवते. कॅथलीन लिन या १९१६ च्या उठावात भाग घेतलेल्या खऱ्या डॉक्टरही येथे येतात. पण त्यांना नायिका करण्याचा मोह लेखिकेने टाळला, हे बरे झाले.

वाचताना मला माझाच एक तक्ता आठवत राहिला. २०२० मध्ये मी शासकीय सेवेत होतो आणि रोज सायंकाळी जिल्ह्यातील खाटांचा तक्ता माझ्या सहीने वर जात असे. एकूण खाटा, भरलेल्या, रिकाम्या, प्राणवायूच्या. रात्रपाळीला किती खाटांमागे एक परिचारिका आहे, हा रकाना त्यात नव्हता. तो असावा असे टिपण मीही कधी लिहिले नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर तोवर आले होते. पण त्यावरचा आकडा घसरताना पाहायला खाटेपाशी कोणीतरी असावे लागते, हे काही तक्त्याला कळत नाही.

आपल्याकडे याच वाटेवरचे मोठे नाव सावित्रीबाईंचे. १८९७ च्या प्लेगात पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. मी वाचलेल्या चरित्रांत या प्रसंगी ‘त्याग’ हा शब्द हमखास भेटतो. त्या दवाखान्यातला एक दिवस मात्र भेटत नाही. पाणी कोण आणी, अंथरुणे कोण धुई, रात्री कोण जागे? त्याग म्हटले की काम दिसेनासे होते. डॉनह्यू हा शब्द टाळते आणि काम दाखवते.

दोष आहेतच. संवादांना अवतरणचिन्हे नाहीत. कोण बोलते आहे ते कळेना म्हणून प्रथम मी वैतागलो. पुढे सवय झाली, कारण रात्रीच्या वॉर्डात आवाज असेच एकमेकांत मिसळतात. खरी तक्रार शेवटाविषयी. जूलिया-ब्रायडीचे प्रेम, ब्रायडीचा मृत्यू आणि एका पोरक्या बाळाला घरी नेण्याचा निर्णय हे सारे अखेरच्या थोड्या तासांत कोंबले आहे. नाडीच्या ठोक्यावर चालणारी कादंबरी एकदम धावू लागते. ब्रायडीच्या आजाराला लेखिकेने आणखी दहा पाने दिली असती, तर जूलियाला त्या एका खाटेपाशी बसलेली पाहता आले असते.