दोन पत्त्यांचे प्रेम : ब्रासाँसच्या एका गाण्याचा हिशेब

गायक-कवींच्या प्रेमसंबंधांवर जे लिहिले जाते त्यात बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो : अमुक गाणे कोणासाठी लिहिले? फ्रेंच गायक-कवी जॉर्ज ब्रासाँस (१९२१–१९८१) याला या प्रश्नाचा मनस्वी कंटाळा होता. साठच्या दशकाच्या आरंभी त्याने 'कीर्तीच्या तुताऱ्या' अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक गाणे केले. प्रसिद्धी टिकवायची तर आपली लफडी चारचौघांत सांग, असा सल्ला देणाऱ्यांची त्यात त्याने यथेच्छ टर उडवली आहे. त्याचे म्हणणे मान्य करून प्रस्तुत लेखात प्रश्न थोडा बदलून विचारला आहे. ही प्रेमाची गाणी कोणत्या घरात राहून लिहिली गेली, आणि ते घर कोण चालवत होते?

हा प्रश्न सुचण्याचे कारण १९६६ हे साल. त्या वर्षी ब्रासाँसचे 'ला नॉन-दमांद आँ मारियाज' हे गाणे आले. मराठीत त्याला 'मागणी न घालणे' म्हणता येईल. लग्नाविना प्रेमाची ही सनद आजही फ्रान्समध्ये आवडीने गायली जाते. आणि त्याच वर्षी झान प्लांश या पंचाहत्तर वर्षांच्या विधवेने आपल्याहून खूपच लहान असलेल्या एका पुरुषाशी दुसरे लग्न केले. या दोन घटनांचा परस्परांशी जो संबंध आहे, तो पाहिल्याशिवाय ते गाणे पुरते कळत नाही असे मला वाटते.

आधी झानविषयी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रेंच तरुणांना सक्तीने मजुरीला नेले, त्यात ब्रासाँस बर्लिनजवळच्या बासडॉर्फ येथे विमानांची इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात गेला. मार्च १९४४ मध्ये काही दिवसांची रजा मिळाली. तो पॅरिसला आला तो परत गेलाच नाही. फरारी माणसाला आसरा देणे तेव्हा जिवावरचे काम होते. ते काम झान आणि तिचा नवरा मार्सेल यांनी केले. पॅरिसच्या चौदाव्या विभागातला फ्लोरिमाँ नावाचा एक बंद बोळ, त्यात यांचे लहानसे घर. पाण्याचा नळ नाही, गॅस नाही, वीज नाही. मात्र कुत्री, मांजरे आणि बदक होते. काही महिन्यांसाठी लपायला आलेला हा तरुण तिथे बावीस वर्षे राहिला. नाव आणि पैसा मिळाल्यावरही तो हलला नाही. त्याने ते घरच विकत घेतले आणि पाणी-वीज आणून दिली.

झान त्याच्याहून तीस वर्षांनी मोठी होती. हे नाते नुसत्या मायेचे नव्हते असे चरित्रकार लिहितात, आणि ती मत्सरी होती असेही लिहितात. त्याविषयी तर्क लढवण्यात मला रस नाही. गाण्यांत काय उरले आहे ते मात्र उघड आहे. १९५४ च्या 'ओव्हेर्न्याच्या माणसासाठी गाणे' यात गरजेच्या वेळी लाकूड आणि पाव देणाऱ्यांचे ऋण मानले आहे, आणि ते गाणे या दाम्पत्याला उद्देशून आहे हे सर्वज्ञात आहे. झानच्या बदकावर एक गाणे आहे. पुढे 'झान' याच नावाचे गाणे आहे; त्यात ती कोणाही बेघराला दार उघडणारी, स्वतःचे मूल नसलेली पण साऱ्यांची आई झालेली बाई आहे. म्हणजे या स्त्रीची आठवण गाण्यांत आली ती चूल, दार आणि भाकरी यांच्या सोबतीने.

दुसरी स्त्री योहा हायमान. जन्म १९११, एस्टोनियात. ब्रासाँसहून दहा वर्षांनी मोठी. त्यांची भेट १९४७ मध्ये झाली आणि हे नाते ब्रासाँसच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे टिकले. तो तिला 'प्यूपशेन' म्हणे. जर्मन भाषेत छोटी बाहुली. या चौतीस वर्षांत दोघे एका छताखाली कधीच राहिले नाहीत. त्यांचे लग्न झाले नाही, मूल झाले नाही. तिचे घर वेगळे होते, याचे वेगळे. १९५६ मध्ये आलेल्या एका गाण्यात बाहुलीपुढे नमलेला एक तापट पुरुष आहे आणि तो स्वतःवरच हसतो आहे. १९६४ च्या 'सातुर्न' या गाण्यात काळाच्या देवाने प्रेयसीच्या केसांत थोडे मीठ पेरले आहे, आणि प्रियकराला ती कोवळ्या मुलींहून अधिक हवीशी वाटते. वय वाढलेल्या प्रेयसीवर इतके नितळ गाणे विरळाच.

आता 'मागणी न घालणे' ऐकावे. मागणी घालताना वापरायची सारी आदबशीर, औपचारिक भाषा उचलून कवी उलटे निवेदन करतो. त्याची कारणे लक्ष देऊन पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. लग्नाविषयीची त्याची बहुतेक भीती स्वयंपाकघरात साठलेली आहे. प्रेमाची देवता भांड्यांपुढे म्हातारी होते. प्रेमपत्रांची शाई पाककृतींच्या पुस्तकात फिकी पडते. मना केलेले फळ बरणीत मुरवले की त्याची मूळची चव जाते. मला मोलकरीण नको, असे तो प्रेयसीला आश्वासन देतो. घरकामातून तिला मोकळे करतो आणि कायमची वाग्दत्ता म्हणून मनात ठेवतो.

सुंदर गाणे आहे, यात वाद नाही. पण एक साधा हिशेब मांडावा लागतो. योहाला त्याच्यासाठी रांधावे लागले नाही, कारण बावीस वर्षे रांधणारी झान होती. बरणीत न घातलेले फळ ताजे राहिले, कारण बरण्या दुसऱ्या घरात भरल्या जात होत्या. मार्सेल १९६५ मध्ये वारला, दुसऱ्या वर्षी झानने लग्न केले, आणि ब्रासाँसने तो बोळ सोडला. संसाराला नकार देणारे गाणे लोकांपुढे आले त्याच वर्षी त्याचा खरा संसार मोडला होता.

इथे मराठी भाषा आपल्या उपयोगी पडते. आपल्याकडे 'लग्न', 'प्रेम' आणि 'संसार' हे तीन वेगळे शब्द आहेत. लग्न हा विधी आणि करार. संसार म्हणजे दळण, पाणी, आजारपण, उधारी, आल्यागेल्याचे करणे. ब्रासाँसने प्रेम योहाच्या पत्त्यावर ठेवले, संसार झानच्या, आणि लग्न कुठेच नाही. गाण्यात मात्र तो लग्न आणि संसार यांना एकच समजून दोन्ही एका दमात नाकारतो. गाण्याचा गोडवा या सरमिसळीतून आला आहे, आणि त्याची लबाडीही.

यावर कोणी म्हणेल, त्याला स्वयंपाकघरातली बाई दिसतच नव्हती. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६० च्या 'पेनेलोपी' या गाण्यात तो आदर्श गृहिणीच्या चुलीशेजारी जाऊन बसला आहे. पतिव्रतेच्या मनात परक्या पुरुषाचे स्वप्न कधी चमकून गेले का, असे तो तिला हळुवारपणे विचारतो आणि त्यात पाप नाही म्हणून तिला धीर देतो. १९५७ च्या 'लग्नाची वरात' या गाण्यात गरीब आईबापांचे उशिरा झालेले लग्न आहे : बैलगाडी, वारा, पाऊस आणि तोंडाने वाजवायचे वाद्य घेऊन सोबत चालणारा मुलगा. लग्नविधीवर इतकी माया असलेले गाणे लग्नद्वेष्टा लिहीत नाही. याच कवीने स्त्रियांवर आज ऐकवणार नाहीत अशी टवाळ गाणीही रचली आहेत. १९६९ मधले 'स्त्रीद्वेष बाजूला ठेवून' हे त्यांपैकी ठळक. हे सगळे एकाच माणसाचे आहे आणि एकाचे निमित्त करून दुसरे पुसता येत नाही.

योहाच्या बाजूनेही हिशेब मांडला पाहिजे. वाग्दत्ता म्हणून राहणे तिला कसे वाटले, ते गाणे सांगत नाही. त्यात तिला एकही ओळ नाही. ती कोणाच्या घरात राहायला गेली नाही, एवढे मात्र खरे. ज्या काळात फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून नोकरी धरण्याचा पूर्ण हक्क १९६५ च्या कायद्याने मिळाला, त्या काळात स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःकडे असणे ही लहान गोष्ट नव्हती. गाण्यात पुरुष तिला स्वातंत्र्य देऊ करतो. ते तिच्याकडे आधीपासून असण्याची शक्यता गाण्याला सुचलेली नाही. हीच त्याची मोठी उणीव आहे, असे माझे मत आहे.

तरीही हे गाणे बाजूला ठेवावे असे मी म्हणणार नाही. लग्नाचा कागद प्रेमाची हमी देत नाही, हे त्यातले म्हणणे चौतीस वर्षांनी खरे करून दाखवले. फक्त ते ऐकताना झानवरचे गाणेही शेजारी ठेवून ऐकावे. दोन्ही मिळून एक घर पुरे होते.

ब्रासाँस ऑक्टोबर १९८१ मध्ये गेला. आपल्याला सेत या जन्मगावी समुद्राच्या वाळूत पुरावे, अशी विनवणी त्याने १९६६ च्याच ध्वनिमुद्रिकेत केली होती. प्रत्यक्षात त्याला त्या गावच्या ल पी दफनभूमीत पुरले. योहा त्यानंतर अठरा वर्षे जगली. १९९९ मध्ये ती गेली, तेव्हा तिला त्याच थडग्यात ठेवण्यात आले. एकत्र पत्ता दोघांना मिळाला तो तिथे.