तबकडीवरची बारीक अक्षरे : गीतकार डोना समर

इचलकरंजीत ज्याचे लहानपण गेले, त्याला ठेका वेगळा शिकवावा लागत नाही. आमच्या घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग होते. रात्रभर खटखट चालायची. आम्हा मुलांना जाग यायची ती वीज गेल्यावर, माग थांबल्यावर. पुढे मी तिथेच रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान टाकले. १९८८च्या सुमारास दुरुस्तीला आलेल्या एका टेपमध्ये कॅसेट अडकली होती. ती सोडवली, हेड पुसले आणि चाचणीसाठी तीच कॅसेट लावली. मागासारखा न थांबणारा ठेका सुरू झाला आणि त्याच्या वर, अगदी हलक्या पायाने चालल्यासारखा, एका बाईचा आवाज. कॅसेटवर नाव नव्हते. ते गाणे 'आय फील लव्ह' आणि ती बाई डोना समर, हे कळायला मला काही वर्षे लागली.

पुढे इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून, तबकड्यांची कव्हरे वाचत मी या संगीताचा जमेल तसा अभ्यास केला. दहा-बारा वर्षांपूर्वी एका वाचनालयात डिस्कोवर बोलायची संधी मिळाली. फळ्यावर मी दोन रकाने आखले : 'रचनाकार' आणि 'आवाज'. पहिल्यात जॉर्जियो मोरोडर, दुसऱ्यात डोना समर. शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, या बाईंनी स्वतः एकही गाणं लिहिलं नाही का?" मी ठामपणे म्हणालो, "नाही, त्या फक्त गायिका." घरी येऊन सहज कव्हरे काढली, भिंग घेतले आणि कंसातली बारीक अक्षरे वाचली. माझे उत्तर साफ चुकीचे होते. त्या मुलीचे नाव-गाव मी विचारून ठेवले नव्हते. हा लेख तिला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी थोडे चरित्र. लाडोना एड्रियन गेन्स हिचा जन्म ३१ डिसेंबर १९४८चा, बॉस्टनचा. गाण्याची पहिली शाळा म्हणजे चर्च. तरुणपणी ती एका रॉक बँडमध्ये गायली, न्यूयॉर्कला गेली आणि 'हेअर' या संगीतनाटकाच्या जर्मन प्रयोगासाठी १९६८ साली म्युनिकला पोहोचली. तिथे जर्मन शिकली, व्हिएन्नाच्या रंगभूमीवर कामे केली, हेल्मुट सोमर या अभिनेत्याशी लग्न केले. लग्न टिकले नाही, पण 'सोमर'चे 'समर' होऊन आडनाव टिकले. पोटापाण्यासाठी ती इतरांच्या ध्वनिमुद्रणात कोरसमध्ये गात असे. त्याच कामात तिला मोरोडर आणि पीट बेलॉट हे दोघे भेटले. एक इटालियन, एक इंग्रज आणि एक कृष्णवर्णीय अमेरिकन, तिघेही म्युनिकमध्ये परके. नृत्यसंगीताचा पुढचा नकाशा या तिघांनी बदलला.

१९७५च्या 'लव्ह टू लव्ह यू बेबी'ची मूळ कल्पना आणि ते शब्द डोनाचे. गाणे दुसऱ्या कुणाला द्यायचे म्हणून ती नमुना गायला उभी राहिली. कॅसाब्लांका कंपनीचा प्रमुख नील बोगार्ट याने ते लांबवून मागितले आणि तबकडीची अख्खी एक बाजू भरेल असे, जवळजवळ १७ मिनिटांचे गाणे तयार झाले. अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकावर गेले. बीबीसीने ते लावायला नकार दिला. लोकांना त्यातले सुस्कारे तेवढे ऐकू आले. तेव्हापासून डोना समर हा एक 'आवाज' झाला, त्याहून वाईट म्हणजे एक 'देह' झाला. त्या आवाजाने आधी वही उघडली होती, हे मागे पडले.

आता मुद्द्यावर येतो. उत्साहाच्या भरात एका चुकीच्या जागी दुसरी चूक बसवणे सोपे असते, म्हणून हिशेब नीट मांडतो. अमेरिकेच्या मुख्य यादीत डोनाची चार गाणी पहिल्या क्रमांकावर गेली : 'मॅकआर्थर पार्क' (१९७८), 'हॉट स्टफ', 'बॅड गर्ल्स' आणि बार्ब्रा स्ट्रायसँडबरोबरचे 'नो मोअर टिअर्स' (तिन्ही १९७९). या चारांत तिची लेखणी एकाच गाण्यात आहे, 'बॅड गर्ल्स'मध्ये. ऑस्कर मिळवणारे 'लास्ट डान्स' पॉल जबाराचे. म्हणजे माझ्या फळ्यावरचे रकाने अगदीच हवेतून आलेले नव्हते. सर्वांत गाजलेली गाणी पाहून मत बनवणारा तिला गायिकाच म्हणेल. पण लेखक असा मोजत नाहीत. लेखक ओळखायचा तर त्याला पुन्हापुन्हा काय सांगावेसे वाटते, ते पाहावे लागते.

'आय फील लव्ह' (१९७७) इथे पुरावा म्हणून मी धरत नाही. गीतकारांत तिघांची नावे आहेत, पण बेलॉटच्या आठवणीनुसार, डोना फोनवर अडकलेली असताना बरेचसे शब्द त्यानेच जुळवले. 'आय रिमेंबर यस्टरडे' या अल्बममध्ये वेगवेगळ्या काळांची गाणी होती आणि शेवटचे भविष्यकाळाचे, म्हणजे हे. मूग सिंथेसायझरवर बांधलेल्या या गाण्यात माणसाच्या हाताचे वादन जवळजवळ नाही. कीथ फोर्सीने वाजवलेला पायाचा ड्रम तेवढा आहे. ब्रायन ईनोने बर्लिनमध्ये ही तबकडी डेव्हिड बोवीला ऐकवून भविष्याचा आवाज सापडल्याची घोषणा केली, हा किस्सा बोवीनेच पुढे सांगितला आहे. इथे डोनाचे कर्तृत्व गायनातले आहे. यंत्राशी भांडायचे नाही आणि यंत्र व्हायचेही नाही. ती छातीचा जोर सोडून डोक्यातला हलका सूर लावते. मागावर बसलेली माणसे काम करता करता गुणगुणत, तेव्हा मागापेक्षा मोठ्याने गात नसत. मागाच्या वरच्या पट्टीत एक मोकळी जागा असते, तिथून गात. डोनाला ती जागा सापडली.

तिच्यातली लेखिका दिसते 'बॅड गर्ल्स'मध्ये. कंपनीत काम करणाऱ्या एका मुलीला पोलिसाने रस्त्यावर वेश्या समजून हटकले, त्या संतापातून गाण्याची सुरुवात झाली. 'ब्रुकलिन ड्रीम्स' या त्रिकुटाबरोबर तिने ते लिहिले. बोगार्टला ते शेर या गायिकेला द्यावेसे वाटले. डोनाने नकार दिला आणि गाणे बाजूला पडून राहिले. वर मोटारींचे भोंगे, शिट्ट्या, नाचायला लावणारा ठेका. आत मात्र एक सरळ नैतिक वळण आहे. सुरुवातीला निवेदिका रस्त्यावरच्या बायकांकडे लांबून पाहते, त्या 'इतर' असतात. शेवटाकडे ती कबूल करते की तिच्यात आणि त्यांच्यात फरक आहे तो केवळ नावाचा. नाचताना हे वळण कुणाच्या लक्षात येत नाही, हा गाण्याचा दोष म्हणावा की युक्ती? मी युक्ती म्हणतो. उपदेश म्हणून हीच गोष्ट सांगितली असती, तर दारातूनच परत पाठवली गेली असती.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द करून यजमान संघ पराभूत ठरवावा लागला. तिथे काम करणारा विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय तरुण पुढे हाऊस संगीताचा एक आद्य कलावंत झाला. लोकांनी आणलेल्या तबकड्या सगळ्या डिस्कोच्या नव्हत्या, त्यांत नुसतेच कृष्णवर्णीय संगीतही होते, हे त्याने नोंदवले आहे. १४ जुलैच्या यादीत 'बॅड गर्ल्स' पहिल्या क्रमांकावर आले आणि पाच आठवडे तिथे राहिले. एकीकडे ढीग जळत होता, दुसरीकडे त्याच ढिगातल्या बाईचे स्वतः लिहिलेले गाणे देश ऐकत होता.

त्याच वर्षीचे 'डिम ऑल द लाइट्स' तिने एकटीने लिहिले. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. गाणे विलंबित सुरू होते, मग एक सूर ती इतका लांब धरते की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकतो, आणि त्या सुराखालून जलद ठेका वर येतो. ही रचना स्वतःचा गळा ओळखणाऱ्या माणसालाच सुचू शकते. लेखन आणि गायन असे दोन रकाने इथे करताच येत नाहीत. आणखी एक नोंद नृत्यसंगीताच्या बाहेरची आहे. पुढे नवरा झालेल्या ब्रूस सुडानोबरोबर तिने 'स्टार्टिंग ओव्हर अगेन' लिहिले. विषय आहे सुडानोच्या आईवडिलांचा घटस्फोट, उतारवयात मोडलेला संसार. १९८० साली डॉली पार्टनने ते गायले आणि ते कंट्री संगीताच्या यादीत पहिले आले. डिस्कोची राणी म्हणून जिला डिस्कोबरोबर गाडायला निघाले होते, तिचे शब्द तोवर गोऱ्या ग्रामीण अमेरिकेच्या रेडिओवर पोहोचले होते.

तिच्या मर्यादाही सांगतो. कागदावर तिचे शब्द पातळ वाटतात. प्रतिमा ठरीव आहेत, यमके हाताशी आलेली. १९८०च्या 'द वाँडरर' अल्बममध्ये ती ठेका बदलू पाहते, पण शब्द तितके पुढे जात नाहीत. मात्र नाचाचे गाणे कागदावर जोखणे म्हणजे भजनाचे ध्रुवपद मोजपट्टीने मोजणे. तिथे शब्द पुन्हापुन्हा येतो तो नवे सांगायला नव्हे, ऐकणाऱ्याच्या अंगात उतरायला. ज्याच्या शंभराव्या आवृत्तीला कंटाळा येत नाही असा साधा शब्द निवडणे, हे अवघड काम आहे.

या सगळ्याचा कळस मला १९८३च्या 'शी वर्क्स हार्ड फॉर द मनी'त दिसतो. लॉस एंजेलिसच्या एका बड्या रेस्टॉरंटात ग्रॅमीची मेजवानी होती. स्वच्छतागृहाची देखभाल करणारी बाई तिथेच दमून डुलकी घेत बसलेली डोनाने पाहिली. त्यातून हे गाणे आले आणि मायकेल ओमार्शियनबरोबर तिने ते लिहिले. मुख्य यादीत ते तिसरे आले. त्या बाईचे नाव, ओनेटा, डोनाने थेट गाण्यात घातले, आणि अल्बमच्या मागच्या कव्हरवर तिला आपल्या शेजारी उभे केले. जिचे स्वतःचे नाव कंसातल्या बारीक अक्षरांत राहिले, तिने दुसऱ्या एका कष्टकरी बाईचे नाव असे मोठ्या आवाजात घेतले. 'बॅड गर्ल्स'पासून इथवर धागा एकच आहे : बाईच्या कामाकडे, तिच्या पैशाकडे आणि त्यावरून तिला दिल्या जाणाऱ्या नावाकडे पाहणे. एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी सांगत राहणाऱ्याला आपण लेखक म्हणतो. डोनालाही तेच म्हणायला हवे.

कुणी म्हणेल, नृत्यसंगीतात खरा रचनाकार निर्माताच असतो, शब्दांना इतके महत्त्व का द्यावे? मोरोडरचे श्रेय मी कणभरही कमी करत नाही. पण हा युक्तिवाद नेमका कुणाच्या बाबतीत पुढे येतो, ते पाहावे. रॉक गाणारा पुरुष चौघांबरोबर बसून लिहितो, तेव्हा त्याला आपण कवी म्हणतो. नाचाचे गाणे गाणारी बाई तसेच लिहिते, तेव्हा श्रेय वाटून टाकतो.

डोना समर १७ मे २०१२ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला प्रवेश मिळाला तो मृत्यूनंतर, २०१३ साली. २०२२ साली बियॉन्सेने आपल्या अल्बमचा शेवट 'आय फील लव्ह'च्या आधारानेच केला. आवाज असा जपला गेला. लेखणीचे काय, हा प्रश्न उरतो.

हा प्रश्न मला परक्यांना विचारता येत नाही. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणे. त्यांतल्या निम्म्या तिच्या स्वतःच्या होत्या : माहेरच्या, भावाच्या, एकदा तर माझ्या दुकानाच्या. तरुणपणी दुकानातल्याच एका टेपवर मी त्यातल्या काही उतरवून घेतल्या. कॅसेटच्या पट्टीवर लिहिले 'पारंपरिक ओव्या', खाली तारीख आणि ध्वनिमुद्रण म्हणून माझे नाव. आजीचे नाव लिहायचे सुचले नाही. आवाज तिचा होता, एवढे मला पुरले.

ती कॅसेट अजून वाजते. या लेखाचे पहिले टिपण केले त्या दिवशी मी पट्टी बदलली. आता तिथे लिहिले आहे : 'रचना आणि आवाज : आजी, गंगूबाई.' अक्षरे मुद्दाम मोठी काढली आहेत.