प्रॉक्सी डिझाइन पॅटर्न : समान इंटरफेसच्या गृहीतकाची चिकित्सा

प्रास्ताविक : एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन व जॉन व्लिसिडीस यांच्या १९९४ मधील 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथात २३ पॅटर्नची मांडणी असून, त्यांतील ७ रचनात्मक पॅटर्नपैकी प्रॉक्सी हा एक होय. मूळ ऑब्जेक्टच्या जागी त्याच इंटरफेसचा प्रतिनिधी ठेवून मूळ ऑब्जेक्टकडे जाणाऱ्या कॉलवर नियंत्रण ठेवणे, हे त्याचे सूत्र आहे. क्लायंटला हा बदल जाणवू नये, अशी अपेक्षा असते.

विवेचन : दस्तऐवजातील मोठे चित्र पडद्यावर दाखविण्याची वेळ येईपर्यंत लोड न करणे, हे ग्रंथातील व्हर्च्युअल प्रॉक्सीचे उदाहरण होय. तोवर फाइलचे नाव व चित्राची लांबी-रुंदी प्रॉक्सीजवळ असते. एकाच संगणकावर येथे प्रामुख्याने वेळेचाच फरक पडतो. त्यामुळे समान इंटरफेसचे गृहीतक बव्हंशी टिकते.

रिमोट प्रॉक्सीबाबत मात्र ते अपुरे ठरते. सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतील जिम वाल्डो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले की, स्थानिक व दूरस्थ ऑब्जेक्टमध्ये विलंब, मेमरी ॲक्सेस, अंशतः बिघाड आणि समांतर कार्य या चार बाबतींत मूलभूत भेद आहेत. १९९७ च्या जावा १.१ मधील आरएमआयने प्रत्येक रिमोट मेथडवर रिमोट एक्सेप्शन जाहीर करण्याचे बंधन घातले, ही या भेदाची कबुलीच होय. तेथे रिमोट नसलेला ऑब्जेक्ट आर्ग्युमेंट म्हणून दिल्यास त्याची प्रत जाते. पलीकडे केलेला बदल क्लायंटच्या मूळ ऑब्जेक्टमध्ये उमटत नाही. मेथडची हाक तीच, परिणाम मात्र वेगळा.

पॅटर्नची उपयुक्तता यामुळे नाकारता येत नाही. क्लायंटचा कोड न बदलता प्रवेशाधिकार तपासता येणे, हा प्रोटेक्शन प्रॉक्सीचा लाभ निर्विवाद आहे. दोष आहे तो बाह्य समानतेला वर्तनाची समानता मानण्यात.

समारोप : केवळ क्लास डायग्राम पाहून पॅटर्न शिकलेला विद्यार्थी लूपमध्ये हजार रिमोट कॉल निःशंकपणे लिहील. म्हणून अध्यापनात या आकृतीसोबत कॉल अर्धवट तुटल्याचा सिक्वेन्स डायग्रामही काढून घेणे आवश्यक ठरते. कुलमुखत्यार धन्याच्या वतीने सही करतो. परंतु 'तर्फे' हा शब्द वगळत नाही. प्रॉक्सीकडूनही तेवढीच स्पष्टता अपेक्षित आहे.