'हिंदोळ्यावर'ची अचला

दिवाळीची सुटी लागली, कीं सातारा-सांगलीकडील एखाद-दुसरें हस्तलिखित अभिप्रायासाठीं आमच्याकडे येतें. महाविद्यालयांत पंचवीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या माणसाला हा मान आपोआप मिळतो, आणि तो आम्ही आनंदानें स्वीकारतों. गेल्या वर्षीं सातारची एक माजी विद्यार्थिनी आपली पहिली कादंबरी घेऊन सांगलीस आमच्या घरीं आली. कादंबरी प्रेमकथेची होती. नायिका लहान गांवांतील शाळेंत शिक्षिका. भाषा स्वच्छ, संवाद ताजे, आणि कांहीं प्रसंग तर असे कीं वाचतांना समोरचा चहा थंड झाल्याचें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. आठवड्यानें ती पुन्हां भेटीस आली, तेव्हां हें सर्व तिला सांगण्यापूर्वीं आमच्या तोंडून प्रश्न निघाला तो असा: "ही नायिका म्हणजे तूंच ना?" ती क्षणभर गप्प राहिली. "सर, ती नायिका आहे," एवढेंच म्हणून तिनें कागद पिशवींत घातले. नमस्कार करून ती गेली. तें हस्तलिखित कांहीं पुन्हां आमच्याकडे आलें नाहीं.

तो प्रश्न आम्हीं कुतूहलानें विचारला होता, दुष्ट बुद्धीनें नव्हे. पण मागाहून विचार करतां आमच्या लक्षांत आलें, कीं इतक्या वर्षांत अनेक तरुणांच्या कादंबऱ्या आम्हीं हस्तलिखितांत वाचल्या, आणि त्यांपैकीं एकालाही "हा नायक म्हणजे तूंच काय?" असें विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. त्यांना आम्ही कथानकाविषयीं, भाषेविषयीं, फार तर शेवटाविषयीं विचारीत आलों. हा भेद आमच्यापुरताच आहे, कीं आपल्या टीकावाङ्मयाचीच ती जुनी खोड आहे, हें पाहण्यासाठीं आम्हीं विभावरी शिरूरकर यांची 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी पुन्हां हातीं घेतली. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा वृत्तांत होय.

प्रथम थोडें मागें गेलें पाहिजे. मराठींत स्त्रीनें कादंबरी लिहिण्यास सुरुवात फार लवकर झाली. साळूबाई तांबवेकर यांचें 'चंद्रप्रभाविरहवर्णन' १८७३ सालचें आहे. म्हणजे हळबे यांच्या 'मुक्तामाला'नंतर अवघ्या बारा वर्षांनीं स्त्रीची लेखणी या क्षेत्रांत उतरली. परंतु ज्यांची परंपरा पुढें चालली, त्या काशीबाई कानिटकर आमच्याच भागांतल्या. त्यांचा जन्म १८६१ सालीं आष्टें येथें झाला. तें गांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें, आज तें सांगली जिल्ह्यांत आहे. नवव्या वर्षीं लग्न होऊन त्या सासरीं आल्या, आणि पुढें घरच्या घरीं, मोठ्या माणसांची दृष्टि चुकवीत, लिहिण्या-वाचण्यास शिकल्या. त्यांची पहिली कादंबरी १९०३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. तिचें नांव 'रंगराव'. स्त्रीच्या पहिल्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर पुरुषपात्राचें नांव आहे, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. काशीबाईंनीं लेखिका म्हणून स्वतःचें नांव पुढें केलें, पण कादंबरीच्या दारावर पाटी लाविली ती पुरुषाची.

एकतीस वर्षांनीं आलेल्या 'हिंदोळ्यावर'मध्यें हा क्रम बरोबर उलटला. तेथें सारी कादंबरी नायिकेची आहे आणि लेखिका मात्र पडद्यामागें गेली आहे. मधल्या काळांत स्त्रीवर्गाचें वाचन पुष्कळ वाढलें होतें. येथून जवळच, तेव्हां औंध संस्थानांत असलेल्या किर्लोस्करवाडीहून, १९३० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'स्त्री' मासिक सुरू केलें, आणि लोखंडी नांगरांच्या त्या गांवांतून विवाह, शिक्षण, अर्थार्जन या विषयांची चर्चा महाराष्ट्रांतल्या माजघरांपर्यंत पोंचूं लागली. अशा वेळीं, १९३३ सालीं, ह. वि. मोटे यांनीं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनांतील कुचंबणा त्यांत इतक्या उघडपणें आली होती, कीं मोठें वादळ उठलें. लेखिकेचें नांव होतें विभावरी शिरूरकर. विभावरी म्हणजे रात्र. त्या रात्रीच्या आड कोण आहे, बाई आहे कीं बुवा, याचा शोध लोक करूं लागले. ती व्यक्ति म्हणजे कर्व्यांच्या संस्थेंत शिकलेल्या व तेथेंच शिकविणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढील काळांतल्या मालतीबाई बेडेकर, हें आज शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक आहे. पण त्या वेळीं कथा खऱ्या आहेत कीं नाहींत, त्यांची रचना कशी आहे, यापेक्षां त्या कोणाच्या आहेत याचीच चर्चा अधिक झाली. दुसऱ्याच वर्षीं लेखिकेची पहिली कादंबरी आली, आणि तोच शोध आतां अचलेच्या मागें लागला.

येथें हरिभाऊ आपट्यांची आठवण होते. 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून येऊं लागली. तींत यमू आपली कहाणी आपल्याच तोंडानें सांगते. न्हाणीघरापासून केशवपनापर्यंत एका स्त्रीचें सारें अंतरंग त्यांत आहे. तें एका पुरुषानें लिहिलें. त्याबद्दल वाचकांनीं हरिभाऊंच्या सहृदयतेची व कल्पनाशक्तीची वाखाणणी केली, आणि ती योग्यच होती. परंतु स्त्रीनें स्त्रीचें अंतरंग लिहिलें, कीं तेथें आपण कल्पनाशक्ति मानीत नाहीं. तेथें आपण अनुभव मानतों, आणि अनुभव मानला कीं त्याचा पुरावा मागूं लागतों. इंग्लंडांतही हेंच झालें. शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' १८४७ सालीं 'करर बेल' या नांवानें निघाली, तेव्हां हा बेल पुरुष कीं स्त्री यावर तिकडील टीकाकारांनीं पुष्कळ शाई खर्च केली. आमची खोड सातारा-सांगलीची नाहीं, ती बरीच सार्वत्रिक आहे, हें समाधान मात्र फारसें उपयोगी नाहीं.

आतां अचलेकडे वळूं. ती सुशिक्षित आहे, विवाहित आहे आणि पतीपासून दुरावलेली आहे. दुसऱ्या एका पुरुषावर तिचें प्रेम जडतें. त्याच्याशीं लग्न करण्याचा मार्ग तिला बंद आहे, कारण पति जिवंत आहे. यापूर्वींच्या कादंबरींत अशा नायिकेला मार्ग दोनच होते: आजारी पडून झिजणें, अथवा त्यागाची मूर्ति बनून लोकसेवेंत शिरणें. अचला यांपैकीं कोणताच पत्करीत नाहीं. ती लग्नाशिवाय सहजीवन स्वीकारते, आणि त्याहूनही धाडसाची गोष्ट म्हणजे मातृत्वाची इच्छा लपवीत नाहीं. अचला म्हणजे न हलणारी. तिला लेखिकेनें हिंदोळ्यावर बसविलें आहे. या दोन शब्दांच्या ओढाताणींतच सगळी कादंबरी सांठविलेली आहे. मन निश्चल आहे; झोके आहेत ते परिस्थितीचे.

ती परिस्थिति कायद्याची होती, हें आजच्या वाचकानें विसरतां कामा नये. १९३४ सालीं मुंबई इलाख्यांत अचलेसारख्या उच्चवर्णीय हिंदु स्त्रीला घटस्फोट मागण्याची सोय नव्हती. पुरुषाला मात्र पहिली बायको असतांना दुसरी करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. शेजारच्या बडोदें संस्थानांत १९३१ सालींच घटस्फोटाचा कायदा झाला होता. मुंबई प्रांतानें द्विभार्याप्रतिबंध १९४६ सालीं व घटस्फोट १९४७ सालीं केला, आणि संसदेचा हिंदु विवाह कायदा तर १९५५ सालचा. म्हणजे अचलेचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकांत शिरण्यास आणखी तेरा वर्षें लागलीं. टीकाकार ज्याला स्वैराचार म्हणत होते, तो दार बंद असल्यामुळें खिडकींतून बाहेर पडण्याचा प्रयत्न होता.

आणखी एक मुद्दा आहे, आणि तो आमच्या समजुतीप्रमाणें त्या काळीं पुरेसा मांडला गेला नाहीं. अचलेचें वर्तन आपल्या संस्कृतीला परकें आहे, पाश्चात्य कादंबऱ्या वाचून तें सुचलें आहे, असा आक्षेप विद्वान् मंडळी घेत. परंतु कृष्णेच्या दोन्ही तीरांवरील खेड्यांत, कष्टकरी वर्गाच्या अनेक जातींत, काडीमोड आणि पाट हे रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. नवऱ्याशीं न जमलेली स्त्री पंचांसमोर काडी मोडून मोकळी होई व दुसरा संसार थाटी. तिला कोणी पाश्चात्य म्हणत नसे. अचला ज्या पिंजऱ्यांत सांपडली आहे, तो सर्व हिंदु स्त्रियांचा नसून पांढरपेशा स्त्रियांचा आहे. लेखिकेच्या दृष्टीच्या टप्प्यांत ही बाजू आलेली नाहीं, हें कादंबरीचें एक उणेंपण आम्ही मानतों. अचलेच्या दारीं काम करणाऱ्या बाईला जें रिवाजानें मिळत होतें, तें अचलेला पदवीनें मिळूं शकत नव्हतें. एवढा एकच विरोध कादंबरींत उतरला असता, तर तिचा आशय कितीतरी खोल गेला असता.

दुसरें उणें रचनेचें. अचलेच्या मुखांतून कित्येकदां व्यक्तीऐवजीं पक्ष बोलूं लागतो, आणि वाचकाला आपण व्याख्यान ऐकत असल्याचा भास होतो. पुरुषपात्रें तिच्या मानानें फिकीं आहेत. प्रा. फडके यांच्या कादंबऱ्यांतील सफाई येथें शोधणाऱ्याची निराशा होईल. पण हा दोष कोठून आला, हेंही पाहिलें पाहिजे. फडक्यांची नायिका वाचकासमोर येते ती मोहक म्हणून. आपण अशी कां वागतों याचा जबाब तिला कोणी विचारीत नाहीं. अचला मात्र पहिल्या पानापासून आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी आहे, आणि तिच्या निर्मातीला हें पूर्ण ठाऊक आहे. ज्या नायिकेला प्रत्येक पाऊल टाकतांना समर्थन द्यावें लागतें, ती बोलकी होणारच. तेव्हां त्या व्याख्यानांचा थोडा दोष आम्हां वाचकांच्याही पदरीं घातला पाहिजे.

'जेन एअर'शीं तुलना केली, म्हणजे लेखिकेचें बळ कळतें. रॉचेस्टरची पत्नी जिवंत असल्याचें कळतांच जेन त्याला सोडून जाते, आणि पुढें ती पत्नी आगींत मरण पावल्यावरच ग्रंथकर्ती दोघांचें लग्न लावते. नीतीला धक्का न लागतां प्रेम सफळ करण्याची ही युक्ति फार सोयीची आहे. अचला आपला निर्णय घेते, तेव्हां तिच्या मदतीला असा कोणताही मृत्यु धांवून येत नाहीं. निर्णय तिचा, आणि किंमतही तिचीच. पहिल्याच कादंबरींत ही सोय नाकारण्यास कलेचें धैर्य लागतें, आणि तें केवळ अनुभवानें येत नाहीं.

राहिला प्रश्न अचला म्हणजे कोण, याचा. मालतीबाईंच्या खाजगी आयुष्यांत आम्ही शिरूं इच्छीत नाहीं. तशी गरजही नाहीं. त्यांनीं पुढें सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतींत काम केलें आणि १९५० सालीं 'बळी' ही कादंबरी लिहिली. तारेच्या कुंपणाआड जन्मलेल्या माणसांचें जीवन तींत आहे, आणि तें लेखिकेचें स्वतःचें जीवन नव्हतें हें सांगावयास नको. जिला 'बळी' लिहितां आली, तिला अचलाही निर्माण करतां येत होती. १९३४ सालच्या वाचकाला हें कळण्यास साधन नव्हतें, असें म्हणतां येईल. आम्हांला तें होतें, आणि तरीही आम्हीं आमच्या विद्यार्थिनीला तोच प्रश्न विचारला.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं तिला सातारच्या पत्त्यावर पत्र घातलें आहे. तिच्या कादंबरींत नायिका एका मोठ्या अपमानानंतर दुसऱ्याच दिवशीं नेहमीप्रमाणें शाळेंत जाते, आणि त्या रात्रीं तिच्या मनांत काय चाललें होतें याविषयीं एक ओळही नाहीं. ती रात्र लेखिकेनें कां गाळली, कीं मुद्दामच मोकळी ठेविली, एवढेंच आम्हीं पत्रांत विचारलें आहे. हस्तलिखित पुन्हां पाठवावें, अशी विनंतिही केली आहे. अद्याप उत्तर आलेलें नाहीं.