उधाण आणि भांग : व्याख्येत हरवलेला प्रवाह

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग; एवढी व्याख्या आणि सूर्य-चंद्राची आकृती दिली की भूगोलाचा पाठ बहुधा संपतो. हे चूक नाही, अपुरे आहे. मुंबईत उधाणाला पाणी सरासरी सुमारे ३.५ मीटर चढते-उतरते, भांगाला जेमतेम १.५ मीटर. वेळ मात्र तेवढाच, सुमारे सहा तास. साहजिकच उधाणाचा प्रवाह जोरदार. खुंटांना बांधलेल्या डोल जाळ्यात मासळी लोटतो तो हाच प्रवाह. म्हणजे कोळ्यांच्या लेखी हे शब्द उंचीइतकेच वेगाचेही आहेत. शिवाय सर्वांत मोठी भरती बहुधा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. शिक्षकांनी आधी भरतीच्या कोष्टकावरून आलेख काढून घ्यावा. व्याख्या मागाहून सांगावी.